युवक मंडळाची सभा कशी चालवावी : नोटीस ते इतिवृत्त

जयंती, धम्मचक्र प्रवर्तन दिन किंवा वर्षावासाचा कार्यक्रम जवळ आला की वस्तीतल्या युवक मंडळाची बैठक होते. बऱ्याच ठिकाणी ती दोन-तीन तास चालते, आवाज चढतात आणि उठताना नेमके काय ठरले हे कोणालाच सांगता येत नाही. मग चार-पाच जण निर्णय घेतात आणि रात्री व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात. पुढच्या वर्षी हिशेबावरून वाद होतो आणि एका मंडळाची दोन मंडळे होतात. हे टाळण्यासाठी सभेचे साधे नियम पुरेसे आहेत. ते या लेखात क्रमाने देत आहोत.

ही पद्धत परकी नाही

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले की भारताला संसदीय कार्यपद्धती ठाऊक नव्हती असे नाही. भिक्खू संघाला ती माहीत होती. आसनव्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान यांचे नियम संघात होते, हे त्यांनी दाखवून दिले.

विनयपिटकात याचे तपशील सापडतात. प्रस्तावाला ‘ञत्ति’ म्हणत. उपसंपदेसारख्या महत्त्वाच्या कामात प्रस्ताव मांडून झाल्यावर तो तीनदा संघापुढे घोषित केला जाई. गणसंख्या कामानुसार ठरलेली होती : साध्या संघकर्माला किमान चार भिक्खू, मध्यदेशात उपसंपदेला दहा. मतभेद मिटला नाही तर ‘सलाका’ म्हणजे काड्या वाटून बहुमत घेत. महापरिनिब्बान सुत्तात वज्जींच्या उन्नतीच्या सात कारणांत पहिली दोन सभेविषयीच आहेत : वारंवार एकत्र जमणे, आणि एकोप्याने जमून एकोप्याने उठणे.

सभेआधी

सभेची नोटीस सचिवांनी काढावी. तारीख, वेळ, ठिकाण आणि विषयपत्रिका तिच्यात असावी. किती दिवस आधी काढायची ते मंडळाच्या घटनेत पाहावे. घटनेत नसेल तर किमान सात दिवसांचा नियम ठरावाने करून घ्यावा. ‘जयंतीबाबत चर्चा’ असा मोघम विषय लिहू नये. ‘१४ एप्रिलच्या कार्यक्रमाचे अंदाजपत्रक मंजूर करणे’ असे लिहिले की सभासद विचार करून येतात. वेळ ठरवताना मुलींना आणि शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांना येता येईल का, ते पाहावे. रात्री दहाची सभा अर्ध्या सभासदांना आधीच वगळते.

सभेचा क्रम

१. वंदना.
२. उपस्थितांच्या सह्या आणि गणपूर्ती झाल्याची घोषणा. कोरम नसेल तर सभा तहकूब करून पुढची तारीख द्यावी.
३. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
४. मागील ठरावांवर काय कार्यवाही झाली, त्याचा अहवाल.
५. खजिनदारांचा जमाखर्च.
६. विषयपत्रिकेवरील विषय.
७. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय. पैशाचा किंवा पदाधिकारी बदलण्याचा निर्णय यात कधीही घेऊ नये.
८. आभार आणि सभा संपल्याची वेळ.

ठराव, अनुमोदन, उपसूचना

ठरावाशिवाय चर्चा सुरू झाली की ती भरकटते. म्हणून आधी ठराव, मग चर्चा. समजा, कार्यक्रमानंतर पैसे शिल्लक आहेत. एक सभासद उभी राहून म्हणते, “अध्यक्ष महोदय, शिल्लक रकमेतून १५,००० रुपये विहारातील अभ्यासिकेच्या पुस्तकांवर खर्च करावेत, असा ठराव मी मांडते.” दुसरा म्हणतो, “माझे अनुमोदन आहे.” अनुमोदक मिळाला नाही तर विषय तिथेच संपतो. मिळाला तर अध्यक्ष ठराव मोठ्याने वाचून दाखवतात आणि चर्चा खुली करतात.

कोणाला ठराव बदलून हवा असेल तर तो उपसूचना मांडतो : “१५,००० ऐवजी १०,००० पुस्तकांसाठी आणि ५,००० टेबलासाठी, अशी दुरुस्ती करावी.” तिलाही अनुमोदक लागतो. आधी उपसूचनेवर मत घ्यावे, नंतर तिच्यासह किंवा तिच्याशिवाय मूळ ठरावावर. एका वेळी एकच ठराव सभेपुढे असावा.

उपसूचना आली म्हणजे आपला अपमान झाला, असे अनेक पदाधिकाऱ्यांना वाटते. संविधानाच्या मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या होत्या आणि त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. बाबासाहेबांनी मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून या दुरुस्त्यांवरच्या चर्चेला उत्तरे दिली, अनेक दुरुस्त्या स्वीकारल्याही.

चर्चा संपतच नसेल तर विषय उपसमितीकडे सोपवावा. वैशालीच्या दुसऱ्या संगीतीत न संपणारा वाद सुरू झाला, तेव्हा पूर्वेचे चार आणि पश्चिमेचे चार अशा आठ भिक्खूंकडे तो सोपवला गेला. दोन्ही बाजूंना समान जागा, हा त्यातला धडा आजही उपयोगी आहे. उपसमितीला मुदत मात्र घालून द्यावी.

मतदान

साध्या विषयाला हात वर करून मत घ्यावे. बाजूने, विरोधात आणि तटस्थ, असे तिन्ही आकडे मोजून जाहीर करावेत. पदाधिकाऱ्यांची निवड किंवा एखाद्यावरील कारवाई असेल तर चिठ्ठीने गुप्त मतदान घ्यावे. मते समान पडली आणि घटनेत अध्यक्षांच्या निर्णायक मताची तरतूद नसेल, तर ठराव नामंजूर समजावा.

संघात ज्यांना प्रस्ताव मान्य असेल त्यांनी मौन राहावे आणि ज्यांना मान्य नसेल त्यांनी बोलावे, अशी रीत होती. तिथे प्रत्येकाला बोलण्याचा समान अधिकार होता, म्हणून मौनाला संमतीचा अर्थ होता. आपल्या सभेत कोपऱ्यातली नवी मुलगी गप्प आहे ती बहुधा संकोचाने किंवा दडपणाने. तिचे मौन होकार म्हणून मोजू नये.

अध्यक्षांचे काम

अध्यक्षांनी सभेत कमीत कमी बोलावे. परवानगीशिवाय कोणी बोलू नये, एका वक्त्याला तीन मिनिटे, आणि सगळ्यांचे एकदा झाल्याशिवाय कोणाला दुसऱ्यांदा संधी नाही, एवढे तीन नियम पाळले तरी सभेचे रूप बदलते. बोलणे विषयावर असावे, व्यक्तीवर नाही. नियम मोडला जात असेल तर कोणीही सभासद हरकतीचा मुद्दा उपस्थित करू शकतो आणि अध्यक्षांनी त्यावर लगेच निर्णय द्यावा. अध्यक्षांना स्वतःला एखाद्या बाजूने जोरदार बोलायचे असेल तर त्या विषयापुरती खुर्ची उपाध्यक्षांकडे द्यावी. आरोप अध्यक्षांवरच असेल तर हे आवश्यकच आहे.

इतिवृत्त

प्रोसिडिंग बुकात कोण काय बोलले ते सगळे लिहायचे नसते. ठराव क्रमांक, ठरावाचा नेमका मजकूर, सूचक, अनुमोदक, मतांचे आकडे आणि निर्णय एवढे पुरे. विरोध नोंदवावा असे कोणी म्हटले तर तो नोंदवावा. कोऱ्या पानावर आधी सह्या घेऊन नंतर मजकूर भरण्याची सवय काही मंडळांत आहे. ती ताबडतोब थांबवावी.

आपल्याकडील अनेक मंडळे संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० या दोन्हींखाली नोंदलेली असतात. विश्वस्त किंवा पदाधिकारी बदलले तर ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. तिथे नोटीस, उपस्थिती आणि ठराव यांचे कागद लागतात. वाद न्यायालयात गेला तर पहिल्यांदा तपासले जाते ते हेच पुस्तक.

ठरावानंतर

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, अशी शिफारस त्यातून झाली. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळ्याबाबत तसा ठराव केला. तरीही ठरावाने तळ्याचे पाणी कोणाच्या ओंजळीत आले नाही. त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी हजारो माणसांना तळ्यापर्यंत चालत जावे लागले. पुढे त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला.

म्हणून आपल्या प्रत्येक ठरावाखाली दोन गोष्टी लिहाव्यात : जबाबदारी कोणाची आणि कोणत्या तारखेपर्यंत. पुढच्या सभेत चौथ्या क्रमांकाच्या विषयाला त्या माणसाने उत्तर द्यावे. येत्या सभेपासून एवढे जरी सुरू केले, तरी वर्गणी देणाऱ्या आईबापांना आपल्या पैशाचे काय झाले ते प्रोसिडिंग बुक उघडून दाखवता येईल.

जय भीम. नमो बुद्धाय.