शह सांगून द्यावा

माझा भाचा मोबाइलवर बुद्धिबळ खेळत होता. त्याने घोडा पुढे टाकला आणि समोरून चाल येईना. पडद्यावर एक चकती नुसती गरगर फिरत राहिली. बराच वेळ वाट पाहून त्याने मला विचारले, "मामू, हा विचार करतोय की अडकलाय?"

मला उत्तर देता आले नाही. विचार करत असेल तर थांबायला हवे. अडकला असेल तर डाव नव्याने मांडायला हवा. पण दोन्ही वेळी दिसणार तीच चकती!

समोर माणूस असता तर हा प्रश्न पडला नसता. माणूस कपाळाला आठ्या घालतो, पाणी मागतो, 'थांब जरा' म्हणतो. लहानपणी अब्बांनी मला ओसरीवर बुद्धिबळ शिकवले. त्यांचा एक दंडक होता. राजावर हल्ला केला की मोठ्याने 'शह' म्हणायचे. विसरलो तर चाल परत. 'न सांगता राजा घेणं म्हणजे जिंकणं नव्हे, खिसा कापणं आहे,' असे ते म्हणत. शह हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. शाह म्हणजे राजा. राजावर संकट आले की समोरच्याला तसे बोलून दाखवायचे, ही रीत त्या शब्दातच जपली गेली आहे.

यंत्राने ही रीत पाळावी का, हा प्रश्न मोबाइलपेक्षा पुष्कळ जुना आहे. १७७० साली व्हिएन्नाच्या दरबारात वोल्फगांग फॉन केम्पेलेन याने सम्राज्ञी मारिया थेरेसापुढे बुद्धिबळ खेळणारा एक पुतळा आणला. अंगात तुर्की झगा, डोक्याला पगडी. जादू म्हटली की युरोपला पगडीच का आठवावी, याची मला गंमत वाटते. ते असो. हा 'तुर्क' शह देताना तीनदा मान डोलवी. कोणी नियमाबाहेरची चाल केली तर ते मोहरे उचलून मूळ घरात ठेवी. त्याच्याशी खेळणाऱ्याला आपण कुठे आहोत हे नेमके कळे. कळणारच, कारण पेटीच्या आत एक जिवंत खेळाडू लपलेला असे! यंत्राचा हा समंजसपणा खरे तर माणसाचा होता. १८५४ साली फिलाडेल्फियात तो पुतळा आगीत जळून गेला.

मग आत माणूस नसेल तर यंत्र मुकेच राहणार का? याचे उत्तर स्पेनच्या लिओनार्दो तोरेस केवेदो या अभियंत्याने दिले. नायगाराजवळच्या भोवऱ्यावरून दोरावर जाणारा, १९१६ साली सुरू झालेला पाळणा त्याच्याच आराखड्यावर बांधलेला आहे. त्याने १९१२ मध्ये 'एल आहेद्रेसिस्ता', म्हणजे 'बुद्धिबळपटू', नावाचे विजेवर चालणारे यंत्र बांधले आणि १९१४ मध्ये पॅरिसमध्ये ते दाखवले. ते सबंध डाव खेळत नसे. यंत्राकडे पांढरा राजा आणि हत्ती, माणसाकडे फक्त काळा राजा, एवढाच शेवटचा भाग. पण तो ते स्वतःच्या हिशेबाने खेळे आणि मात करी.

मला त्याच्या जिंकण्यापेक्षा त्याच्या थांबण्याचे कौतुक वाटते. माणसाने नियमाबाहेरची चाल केली की यंत्र पुढे सरकत नसे आणि एक दिवा लागे. म्हणजे, मी बिघडलेलो नाही, तुमची चाल चुकली आहे. ती दुरुस्त केली की खेळ पुढे सुरू. अशी चूक तीनदा झाली की मात्र यंत्र खेळणेच थांबवी. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका दिव्याने जे सांगितले, ते आज आपल्या चकतीला सांगता येत नाही. तोरेसची यंत्रे माद्रिदच्या संग्रहालयात जपून ठेवली आहेत.

आता १९९७ चा मे महिना पाहा. न्यूयॉर्कमध्ये जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह आणि आयबीएमचा 'डीप ब्लू' हा संगणक यांचा सहा डावांचा सामना झाला. पहिल्या डावात चव्वेचाळिसाव्या चालीला संगणकाने हत्ती अशा घरात नेला की कोणाला अर्थच लागेना. तो डाव कास्पारोव्हने जिंकला, पण त्या चालीचे कोडे त्याच्या गोटात राहिले. संगणकाला एवढ्या पुढचे काय दिसले असावे, यावर खल झाला. डीप ब्लू घडवणाऱ्यांपैकी मरे कॅम्पबेल यांनी पुढे सांगितले की, प्रोग्रॅममधल्या दोषामुळे संगणकाला चाल निवडताच आली नव्हती. अशा अडचणीसाठी ठेवलेल्या सोयीनुसार त्याने हाताला लागली ती चाल केली होती!

म्हणजे यंत्र अडकले होते आणि पाहणारे त्याला चिंतन समजले. भाच्याचा प्रश्न जगज्जेत्यालाही पडला होता, एवढाच याचा अर्थ.

दुसऱ्या डावात कास्पारोव्हने हार मानली. तिथे बरोबरीची वाट होती, असे त्याच्याच सहकाऱ्यांनी नंतर त्याला दाखवले. यंत्रामागे माणसाचा हात असल्याचा संशय त्याला आला आणि त्याने संगणकाच्या विचारांची नोंद मागितली. ती तेव्हा मिळाली नाही, पुढे प्रसिद्ध झाली. सामना तो साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरला. त्या एका चालीने सामना गेला, असे मी म्हणणार नाही. पण समोरचा गप्प असला की आपण त्याच्या गप्प बसण्यात हवे ते वाचू लागतो. कधी शहाणपण वाचतो, कधी कपट.

यंत्राकडे मागायचे ते फार नाही. मी थांबलो आहे. या कारणाने थांबलो आहे. आता तुम्ही हे करा. तीन वाक्ये. तोरेसने तर एका दिव्यावर भागवले.

भाच्याने अखेर मोबाइल बंद करून पुन्हा सुरू केला. डाव पुसला गेला होता. पोर हिरमुसले. मी अब्बांचा जुना पट काढून खाटेवर मांडला. दहाव्या-बाराव्या चालीला त्याचा उंट माझ्या राजावर येऊन बसला आणि तो गालात हसत गप्प राहिला. मी त्याला चाल परत घ्यायला लावली.