रिकव्हरी चाचणी
कोविड-१९ झालेल्या, रुग्णालयात दाखल रुग्णांवर जुनी, परिचित औषधे उपयोगी पडतात का, हे तपासणारी ब्रिटनमधील मोठी चाचणी. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे पीटर हॉर्बी व मार्टिन लँड्रे यांच्या नेतृत्वाखाली ती मार्च २०२० मध्ये सुरू झाली. कोणत्या रुग्णाला कोणते औषध द्यायचे, हे डॉक्टर न ठरवता संगणक यादृच्छिक पद्धतीने ठरवी. त्यामुळे गटांची तुलना निःपक्षपाती झाली.

डेक्सामेथासोन हे स्वस्त स्टेरॉइड २,१०४ रुग्णांना रोज ६ मिग्रॅ., जास्तीत जास्त १० दिवस दिले. ४,३२१ रुग्णांना केवळ नेहमीचे उपचार मिळाले. व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे २८ दिवसांतील मृत्युप्रमाण ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. ऑक्सिजनवरील रुग्णांनाही लाभ झाला. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना मात्र झाला नाही. हे औषध विषाणूला मारत नाही, तर प्रतिकारशक्तीच्या अतिरेकाने फुप्फुसांत होणारा दाह कमी करते. म्हणून ते केव्हा द्यावे, याला फार महत्त्व आहे.

याच चाचणीत हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन, लोपिनाविर-रिटोनाविर व ॲझिथ्रोमायसिन निरुपयोगी ठरली. निष्फळ उपचारांपासून रुग्णांना वाचवणारे हे निष्कर्षही तितकेच मोलाचे आहेत.