वतनदार घराण्यांतील विवाहसंबंध व वारसा

मध्ययुगीन महाराष्ट्रात देशमुखी, देशपांडेपण, पाटिलकी, कुलकर्ण इ. वंशपरंपरागत अधिकार आणि त्यांना जोडून आलेली इनाम जमीन, हक्क व मानपान यांना मिळून ‘वतन’ म्हणत. वतन कोणाकडून कोणाकडे गेले, हे वंशावळीवरून कळते असा सर्वसाधारण समज आहे. तथापि घराण्यांच्या सोयरिकी विचारात घेतल्याशिवाय वतनाचा इतिहास पुरा होत नाही आणि वंशावळींतून नेमका तोच भाग बहुधा गाळलेला असतो.

याचे एक उदाहरण जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब येथे आढळते. परंपरेनुसार जांबचे कुलकर्ण ठोसर घराण्याकडे होते. सूर्याजीपंत ठोसर व राणूबाई यांना गंगाधर व नारायण असे दोन पुत्र. धाकटा नारायण, म्हणजेच समर्थ रामदास (जन्म १६०८), बाराव्या वर्षी बोहल्यावरून निघून गेला, ही कथा सर्वश्रुत आहे. चरित्रकारांनी तिच्यातील वैराग्याचा भाग सांगितला. वारसाच्या दृष्टीने तिचा अर्थ असा, की घरचा संसार आणि वृत्ती थोरल्या गंगाधरपंतांच्या, म्हणजे श्रेष्ठांच्या, शाखेत राहिली. पुढे रामदासांच्या पश्चात चाफळ संस्थानाचा अधिकारही कालांतराने श्रेष्ठांच्याच वंशात आला. न झालेल्या एका विवाहाचे परिणाम वारसाक्रमात असे दोनदा दिसतात. रामदासांची प्रसिद्ध बखर लिहिणारे हनुमंतस्वामी याच वंशातील होत, ही गोष्ट ती बखर वाचताना ध्यानात ठेवावी लागते.

वारसाचे शास्त्र मिताक्षरेवर आधारलेले होते. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या (कार. १०७६–११२६) काळात विज्ञानेश्वराने लिहिलेल्या या टीकेनुसार पुत्रांना वडिलार्जित मिळकतीत जन्मतःच समान हक्क प्राप्त होतो, विभक्त पुरुष निपुत्रिक वारल्यास पत्नी व तिच्यानंतर कन्या वारस ठरते. पश्चिम भारतात मान्यता पावलेला नीलकंठभट्टाचा व्यवहारमयूख (सतरावे शतक) बहिणीलाही वारसांत स्थान देतो. नीलकंठाचे भट्ट घराणे मूळचे पैठणचे.

व्यवहारात मात्र वतन हे निव्वळ जमिनीसारखे वाटता येत नसे. जमीन व उत्पन्न भावांत विभागले, तरी वडीलपण, शिक्का, होळीच्या पोळीचा किंवा पोळ्याच्या बैलाचा अग्रमान या गोष्टी एकाच शाखेकडे राहत. त्यांवरून भाऊबंदकी माजे व पिढ्यान्‌पिढ्या रक्तपात होई. कारीच्या जेधे घराण्याचा करीना या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. आज्ञापत्रात वतनदारांना राज्याचे ‘दायाद’ म्हटले आहे. भाऊबंदांसाठी वापरला जाणारा हा शब्द योजण्यात मोठा मार्मिकपणा आहे.

इंग्लंडमधील समकालीन जमीनदार घराण्यांशी तुलना केल्यास फरक स्पष्ट होतो. तेथे सर्वसाधारणपणे थोरला मुलगा सर्व स्थावराचा धनी होई. मुलगा नसल्यास मुलींत सारखी वाटणी होई व त्यांच्या विवाहाबरोबर जमीन दुसऱ्या घराण्यात जाई. म्हणून वारसदार कन्येचा हात हा तेथे मालमत्तेचाच व्यवहार होता. राजाकडून थेट जमीन धारण करणारा वारला, की सरकारी अधिकारी पंचांसमक्ष चौकशी करून त्याची जमीन, वारस व वारसाचे वय नोंदवी. तेराव्या शतकापासून सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या या नोंदींमुळे तेथील संशोधकाला स्त्रियांचा माग काढता येतो.

महाराष्ट्रात सोयरीक जमीन क्वचितच हलवी. तिने पक्ष मात्र ठरत. सिंदखेडचे देशमुख लखुजी जाधवराव यांची कन्या जिजाबाई वेरूळच्या भोसले घराण्यात दिली गेली. १६२९ मध्ये लखुजी, त्यांचे दोन पुत्र व एक नातू यांची दौलताबादेस निजामशाही दरबारात हत्या झाली. तरीही सिंदखेडची देशमुखी कन्येकडे न जाता जाधवांच्याच शाखांत राहिली. आजोळचा लौकिक शिवाजी महाराजांना लाभला, वतन लाभले नाही.

याला अपवाद घडविण्याचा एक प्रयत्न खुद्द महाराजांनीच केला. संभाजीराजांना शिर्क्यांची येसूबाई करून घेतली व कन्या राजकुंवर गणोजी शिर्के यांना दिली. त्या वेळी राजकुंवरला पुत्र झाल्यास दाभोळची देशमुखी त्याला द्यावी, असे ठरले होते. म्हणजे जुने वतन शिर्क्यांकडे वडिलांच्या हक्काने न जाता मुलीच्या पुत्राच्या नावे, राजाच्या कृपेने जावे, अशी ही योजना होती. नवी वतने देण्यास महाराज प्रतिकूल होते, हे लक्षात घेतले म्हणजे तिच्यातील धोरण उमगते. संभाजीराजांच्या काळात गणोजींनी वतनाची मागणी केली. ती मान्य झाली नाही व ते मोगलांना मिळाले. मेहुणेपणा व वतन यांची गुंतागुंत राज्याला किती महाग पडू शके, याचे याहून बोलके उदाहरण नाही.

या विषयाची मुख्य साधने म्हणजे महजर, करीने, कैफियती व निवाडपत्रे होत. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने (स्थापना १९१०) असे कागद विपुल प्रमाणात प्रसिद्ध केले. परंतु ते तंटा उपस्थित झाल्यावर गोतसभेपुढे आलेले आहेत. मृत्यूची नियमित नोंद म्हणून लिहिलेले नाहीत. त्यांतील वंशावळ हा दाव्याचा पुरावा आहे, रक्ताचा असेलच असे नाही. अडचणीत सापडलेला पाटील निम्मे वतन विकताना घेणाऱ्याला भाऊ म्हणून मान्य करी. तीन पिढ्यांनंतर विकत आलेला भाऊ कोणता, हे कागदावरून ओळखणे कठीण जाते. मुलींची नावे तर त्यांत सहसा नसतातच. त्यांचा शोध चोळीबांगडीसाठी दिलेल्या जमिनी, आंदण आणि माहेरच्या घराण्याच्या कैफियती यांतून घ्यावा लागतो. एकाच घराण्याचे दप्तर वाचून हे काम होत नाही. सोयऱ्यांची दप्तरे शेजारी मांडावी लागतात.

इंग्रजी अमलात हा कल आणखी पक्का झाला. १८७४ च्या मुंबई वतन कायद्यात १८८६ साली दुरुस्ती होऊन, शेवटच्या पुरुष धारकाची विधवा वगळता, स्त्रियांचा व स्त्रीद्वारा हक्क सांगणाऱ्यांचा क्रम घराण्यातील सर्व पात्र पुरुषांच्या मागे ढकलण्यात आला. मिताक्षरा व मयूख यांनी कन्येला दिलेले स्थान वतनापुरते अशा रीतीने कायद्यानेच मागे सारले. मराठवाडा त्या वेळी हैदराबाद संस्थानात असल्यामुळे हा कायदा तेथे लागू नव्हता.