डोंगरमाथ्यावर डबा कसला? ‘जिओकॅशिंग’ची सविस्तर माहिती

सह्याद्रीत शनिवार-रविवारी ट्रेकरची गर्दी असते. त्यातलाच एखादा माथ्यापासून जरा बाजूला, मोबाईलकडे बघत दगडांच्या कपारी तपासताना दिसला, तर गावकऱ्यांना शंका येणं साहजिक आहे. काही हरवलं का? गुप्तधन शोधतोय का? कदाचित यातलं काहीच नसेल आणि तो ‘जिओकॅशिंग’ नावाचा खेळ खेळत असेल. हा खेळ काय आहे, तो डोंगरावर कसा खेळतात, त्यात धोका कुठे आहे आणि असा डबा सापडला तर गावकऱ्यांनी काय करावं, याची ही माहिती.

जिओकॅशिंग म्हणजे काय?

एक जण एखाद्या ठिकाणी पाणी न शिरणारा छोटा डबा लपवतो. त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतो. दुसरे लोक ते आकडे मोबाईलमध्ये किंवा हातातल्या जीपीएस यंत्रात भरून डबा शोधायला निघतात. डब्यात एक छोटी वही असते. सापडलेल्याने त्यात नाव आणि तारीख लिहायची आणि डबा होता तसाच, होता तिथेच ठेवायचा. एवढाच खेळ.

‘कॅश’ म्हणजे इथे पैसा नाही. उच्चार जवळचा असला तरी हा वेगळा इंग्रजी शब्द आहे आणि त्याचा अर्थ लपवलेला साठा असा होतो. डब्यात फार तर एखादं खेळणं, बिल्ला, किचेन असं काही असतं. त्यातली वस्तू घेतली तर तेवढ्याच किमतीची दुसरी ठेवायची, हा रिवाज. पैशासाठी डबा फोडणाऱ्याच्या हाती भिजलेल्या वहीपलीकडे काही लागत नाही.

सुरुवात कशी झाली?

जीपीएसचे उपग्रह अमेरिकेचे. सामान्य लोकांना मिळणाऱ्या सिग्नलमध्ये अमेरिकन लष्कर पूर्वी मुद्दाम चूक ठेवत असे. त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत इकडे-तिकडे दाखवली जायची. २ मे २००० रोजी ही मुद्दाम ठेवलेली चूक बंद झाली. लगेच दुसऱ्या दिवशी, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर यांनी अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक बादली अर्धवट पुरून ठेवली आणि तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. काही दिवसांतच ती लोकांना सापडली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये या खेळाची मोठी वेबसाईट सुरू झाली. आज जगभरात असे तीस लाखांहून जास्त डबे आहेत.

गंमत अशी की, ती पहिली बादली आजच्या नियमात बसली नसती. ती जमिनीत पुरलेली होती आणि आत खाण्याचा डबाही होता. आता डबा पुरण्यासाठी परवानगीशिवाय जमीन खणायला मनाई आहे. खाद्यपदार्थ ठेवायचे नाहीत, कारण वासाने जनावरं डबा फोडतात. दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर लागतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जागा ज्याची असेल त्याची परवानगी लागते.

प्रत्येक डब्याला १ ते ५ असे दोन गुण दिलेले असतात. एक डबा शोधायला किती अवघड आहे याचा, दुसरा वाट किती अवघड आहे याचा. दूरच्या शिखराजवळच्या डब्याला वाटेचा गुण साहजिकच जास्त असतो. तिथे डबा शोधणं सोपं असेलही. कस लागतो तो पोहोचण्यात.

आकडे कसे वाचायचे?

उदाहरण म्हणून अकोले तालुक्यातलं कळसूबाई शिखर घेऊ. राज्यातलं हे सर्वात उंच शिखर, उंची १६४६ मीटर. त्याचे आकडे साधारण असे लिहितात: उत्तर १९ अंश ३६.०६७ मिनिटं, पूर्व ७३ अंश ४२.५५० मिनिटं.

एका अंशाची साठ मिनिटं होतात. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे जमिनीवर सुमारे १.८५ किलोमीटर. त्यामुळे दशांशानंतरचा तिसरा आकडा बदलला, तर जागा दोनेक मीटरनेच सरकते. पण लिहायची पद्धत चुकली तर फरक भलताच पडतो. वरचेच आकडे कोणी ‘१९.३६०६७, ७३.४२५५०’ असे नकाशात टाकले, तर खूण कळसूबाईवर पडत नाही. ती सुमारे चाळीस किलोमीटर नैऋत्येला, घाटाखाली ठाणे जिल्ह्यात पडते. निव्वळ अंशांत लिहायचं तर बरोबर आकडे १९.६०११ आणि ७३.७०९२ असे होतात. म्हणून आकडे घेताना-देताना अंश, मिनिटं की नुसता दशांश, हे आधी विचारून घ्यावं.

मोबाईलच्या नकाशात एखाद्या जागेवर बोट दाबून धरलं की त्या जागेचे आकडे दिसतात. जागा कळायला रेंज लागत नाही. मोबाईल फक्त उपग्रहाचा सिग्नल पकडतो. नकाशाचं चित्र उघडायला मात्र इंटरनेट लागतं, म्हणून तो भाग घरूनच डाउनलोड करून ठेवावा लागतो. उघड्या माथ्यावर मोबाईल काही मीटरच्या फरकाने जागा दाखवतो. दाट झाडी, घळ किंवा उंच कड्याखाली हा फरक वाढतो. शेवटचा टप्पा म्हणून डोळ्यांनीच शोधावा लागतो.

बाण सरळ दाखवतो, वाट वळणाची असते

डोंगरावर या खेळातला खरा धोका इथेच आहे. यंत्र सांगतं, डबा ४०० मीटरवर आहे. हे अंतर पक्ष्याच्या उडण्याचं असतं. मध्ये कडा आहे, घळ आहे की कारवीचं रान, हे बाणाला कळत नाही. बाणाच्या मागे सरळ चालत गेलेला माणूस पायवाट सोडतो, उतारावर घसरतो किंवा अशा जागी पोहोचतो जिथून वरही जाता येत नाही आणि खालीही.

कळसूबाईला बारी गावातून मळलेली वाट आहे. कातळाच्या अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत आणि माथ्यावर देवीचं छोटं मंदिर आहे. सगळेच डोंगर असे सोपे नाहीत. कळसूबाईवरून दिसणारे अलंग, मदन, कुलंग हे किल्ले अवघड मानले जातात. अलंग आणि मदनवर जायला काही टप्प्यांत दोर लागतो. अशा ठिकाणी आकडे हातात असून भागत नाही. कोणती सोंड कुठे उतरते, कोणत्या खिंडीतून गुरांची वाट जाते, पावसाळ्यात कोणता ओढा अचानक फुगतो, हे तिथल्या वाडीवरच्या माणसाला माहीत असतं. माहितगार वाटाड्या बरोबर घेणं हा म्हणूनच सर्वात स्वस्त विमा. वाटाड्याला योग्य मोबदला मिळाला तर गावालाही चार पैसे मिळतात.

जाणाऱ्याने एवढं पाळावं:

• एकट्याने जाऊ नये. कोणत्या वाटेने चाललोय आणि कधी परतणार, हे खालच्या गावात सांगून जावं.
• पहाटे निघावं. दुपारपर्यंत माथा गाठला नाही तर डबा राहू द्यावा आणि उतरायला लागावं. डबा पुढच्या वेळीही तिथेच असतो.
• ढग गडगडायला लागले की माथा आणि लोखंडी शिड्यांपासून लांब व्हावं. पावसात आणि धुक्यात शेवाळलेल्या कातळावर जाऊ नये.
• कपारीत सरळ हात घालू नये, दगड उघड्या हाताने उलटू नये. दगडाखाली फुरसं किंवा विंचू असतो. आधी काठीने चाचपावं.
• कड्याला आग्या मोहोळ असेल तर धूर, अत्तर आणि आरडाओरडा टाळावा.
• साप चावला तर जखम कापू नये, चोखू नये, घट्ट बांधू नये. माणसाला हलू न देता, शक्य तितक्या लवकर सर्पदंशावरची लस मिळेल त्या दवाखान्यात न्यावं.

परवानगी कोणाची?

डबा ठेवणारा बाहेरचा असला तरी डोंगर बेवारस नसतो. कळसूबाईचा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. अभयारण्यात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे, त्यामुळे तिथे काही ठेवायचं तर वनविभागाला विचारावंच लागतं. संरक्षित किल्ल्यावर पुरातत्त्व विभागाचे नियम असतात. तिथे भिंतीचा दगड हलवणं, खणणं हा गुन्हा ठरू शकतो. खासगी शेत किंवा माळ असेल तर मालकाची परवानगी लागते. देवस्थान, देवराई, स्मशान अशा जागी डबा न ठेवणंच बरं. गावाच्या भावनेचा प्रश्न असतो.

याला एक चांगला पर्यायही आहे. ‘अर्थकॅश’ या प्रकारात डबाच नसतो. दिलेल्या जागी जाऊन खेळाडूने तिथला खडक, दरी किंवा धबधबा नीट बघायचा आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं पाठवायची. डबा नसल्याने रानात कचरा होत नाही आणि कोणी दगडही उपसत नाही.

गावकऱ्याला डबा सापडला तर?

डब्यावर किंवा आतल्या वहीवर बहुतेक वेळा जिओकॅशचं नाव आणि खेळाची माहिती लिहिलेली असते. तसं दिसलं तर डबा परत बंद करून तिथेच ठेवावा. आपल्या जमिनीत, देवस्थानात किंवा अभयारण्यात तो नको असेल, तर ग्रामपंचायतीला किंवा वनरक्षकाला सांगावं. जागामालकाने हरकत घेतली तर वेबसाईटवरून त्या डब्याची नोंद काढता येते.

डब्यावर काहीच लिहिलेलं नसेल, वायर दिसत असेल किंवा तो गर्दीच्या जागी, पुलाखाली, धरणाजवळ असेल, तर हात लावू नये आणि ११२ वर कळवावं. परदेशात असे डबे बॉम्ब समजून पोलिसांनी स्फोट करून उडवल्याच्या घटना घडल्या आहेत. डबा ठेवणाऱ्याने वर स्पष्ट नाव लिहिणं म्हणूनच गरजेचं आहे.

गुप्तधनाची अफवा उठली तर ती तिथेच थांबवावी. जिओकॅश सहसा पुरलेला नसतो, त्यामुळे त्यासाठी खणण्याचं काहीच कारण नाही. आणि खरोखरच जमिनीत पुरलेली मौल्यवान वस्तू कोणाला सापडली, तर १८७८ च्या कायद्यानुसार ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते.

हेच आकडे जीव वाचवतात

खेळ खेळायचा नसेल तरी आकडे वाचता येणं डोंगराकडेच्या प्रत्येकाला उपयोगी आहे. रानात कोणी पडलं, सरपणाला गेलेली बाई परतली नाही, ट्रेकर वाट चुकला, तर ‘मोठ्या आंब्याच्या वर, ओढ्याच्या पलीकडे’ एवढ्या पत्त्यावर बाहेरून आलेल्या पथकाला पोहोचता येत नाही. दोन आकडे मिळाले तर ते नेमक्या जागेपाशी येऊ शकतं.

अडकलेल्याने मोबाईलच्या नकाशात आपल्या जागेच्या निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरावं, दिसणारे आकडे कागदावर किंवा हातावर लिहून घ्यावेत आणि ११२ ला फोन करून सांगावेत. इंटरनेट चालत नसेल तर साधा एसएमएस घरच्यांना करावा; कमी रेंजमध्येही तो जाण्याची शक्यता जास्त असते. बॅटरी वाचवण्यासाठी मोबाईल एअरप्लेन मोडवर ठेवता येतो; बहुतेक मोबाईल तरीही जागा दाखवतात. मदत येईपर्यंत जागा बदलू नये. बदललीच, तर नवे आकडे कळवावेत.

आकडे मिळाल्यावरही त्या जागेपर्यंत जायची वाट गावच्याच माणसाला विचारावी लागते. त्यामुळे डोंगराकडेच्या प्रत्येक वाडीवर आकडे वाचणारी दोन-चार पोरं आणि वाटा ओळखणारे दोन-चार जुने गुराखी असले, की शोधमोहिमेचं निम्मं काम झालं.