ब्रिजटॉवर, जॉर्ज
(१७७८? – २९ फेब्रुवारी १८६०). आफ्रिकी वंशाचा व्हायोलिनवादक. जन्म पोलंडमधील बियावा पोडलास्का येथे. काही ठिकाणी जन्मवर्ष १७८० दिलेले आढळते. आई युरोपीय. आफ्रिकी वंशाचे वडील हंगेरीतील सरदार एस्टरहाझी घराण्याच्या पदरी होते. मुलाची जाहिरात ‘आफ्रिकी राजपुत्राचा पुत्र’ अशी होई. वडिलांच्या कुळाविषयीचे हे दावे विश्वसनीय मानता येत नाहीत. १७८९ मध्ये पॅरिसला पहिली मोठी मैफल झाली. पुढे इंग्लंडच्या युवराजाने (नंतरचा चौथा जॉर्ज) त्याला आश्रय दिला.

संगीतेतिहासात त्याचे स्थान मुख्यतः बेथोव्हनच्या व्हायोलिन-पियानो सोनाटामुळे (कृती ४७) आहे. २४ मे १८०३ रोजी व्हिएन्नातील आउगार्टन उद्यानात सकाळच्या मैफलीत दोघांनी तो प्रथम वाजवला. अखेरचा भाग आधीच्या एका सोनाटासाठी रचलेला, म्हणून तयार होता. दुसऱ्या भागाची नक्कल करून घेण्यास मात्र वेळ उरला नव्हता. ब्रिजटॉवरने तो बेथोव्हनच्या हस्तलिखितावरूनच वाजवला. पहिल्या भागात पियानोच्या एका मुक्त तानेला त्याने व्हायोलिनवर तात्काळ जोड दिली, तेव्हा बेथोव्हनने उठून त्याला मिठी मारली, असे ब्रिजटॉवरच्याच टिपणात आहे. सुरुवातीला पियानोची साथ नसताना दुपदरी-तिपदरी स्वरांनी उभा राहणारा व्हायोलिनचा प्रवेश आजही वादकाचा कस पाहतो. पहिल्या वादकाचा आवाका ध्यानात घेतल्याखेरीज या लेखनाचा विचार पुरा होत नाही.

बेथोव्हनने हस्तलिखितावर गमतीने केलेल्या अर्पणात ब्रिजटॉवरच्या मिश्र वंशाचा उल्लेख होता. पुढे दोघांत बिनसले. एका तरुणीवरून वाद झाला, असे ब्रिजटॉवरने उतारवयात सांगितल्याची नोंद आहे. दुसरा पुरावा नाही. १८०५ मध्ये सोनाटा छापला गेला तो फ्रेंच व्हायोलिनवादक रोडॉल्फ क्रॉयट्झरला अर्पण करून. क्रॉयट्झरने तो जाहीर मैफलीत कधीच वाजवला नाही, तरी रचना त्याच्याच नावाने ओळखली जाते आणि टॉलस्टॉयच्या त्याच नावाच्या कथेमुळे ते नाव संगीताबाहेरही पोहोचले. ज्याच्यासाठी ती लिहिली, तो कृष्णवर्णीय कलावंत मैफलीच्या पत्रिकांतून दीर्घकाळ गायब राहिला. हा अन्याय आहे. वाद वैयक्तिक होता एवढे म्हणून हा अन्याय मिटत नाही.

बेथोव्हनने त्याला दिलेला ध्वनिकाटा ब्रिटिश लायब्ररीत आहे.

१८११ मध्ये केंब्रिजची संगीत पदवी. मृत्यू लंडनच्या पेकम भागात.

रचना : थोड्या, त्यांत पियानोचे अभ्यासपाठ (१८१२).