पाच डॉक्टरांनी पाहिलेलं वुहान



गेल्या महिन्यात आपल्या कामरगावचा एक तरुण चीनहून परत आला. कंपनीच्या कामासाठी गेला होता. सुट्टीच्या दिवशी चार मित्रांसोबत वुहान शहर हिंडून आला. मोबाईलवर फोटो दाखवत होता. एका फोटोत पिवळ्या छपरांचा उंच मनोरा होता. म्हणाला, "सर, हा अठराशे वर्षांपूर्वीचा आहे."

मी म्हटलं, बाबा रे, मनोऱ्याची परंपरा तेवढी जुनी आहे. पण तू ज्याच्यासमोर उभा आहेस ती इमारत १९८५ साली पूर्ण झाली. आधीचा मनोरा १८८४ च्या आगीत गेला. मधली शंभर वर्षं तिथे मनोराच नव्हता. आणि त्याच काळात, १९३८ साली, आपल्या देशातले पाच जण या शहरात आले होते. त्यांनी तिथे काय पाहिलं असेल?

त्या पाच जणांविषयी आज बोलायचं आहे.

जपानने जुलै १९३७ मध्ये चीनवर मोठं आक्रमण केलं. चिनी सेनानी चू ते यांनी नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. फेब्रुवारी १९३८ मध्ये सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखाली हरिपुरा काँग्रेस भरली. तिथे चीनविषयी सहानुभूतीचा ठराव झाला, जपानी माल घेऊ नका असं आवाहन झालं. आता गंमत पाहा, आपल्या वऱ्हाडचा कापूस त्या काळी जपानच्या गिरण्यांत जात होता. म्हणजे हे युद्ध आपल्याला वाटतं तितकं दूरचं नव्हतं.

१ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून 'राजपुताना' बोटीने पाच डॉक्टर निघाले. पथकाचे प्रमुख डॉ. अटल, आधी स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले. नागपूरचे डॉ. चोळकर, सर्वांत वडीलधारे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, वय अवघं सत्तावीस. आणि बंगालचे दोघं, डॉ. बसू व डॉ. मुखर्जी. निघताना हे काही जुने दोस्त नव्हते. मैत्री झाली ती वाटेत आणि कामात.

पहिलं मोठं शहर लागलं कॅन्टन, म्हणजे आजचं ग्वांगझू. सन यत्सेन यांच्या पत्नी सूंग चिंगलिंग यांनी त्यांचं स्वागत केलं. विमानांच्या बॉम्बफेकीने ते शहर आधीच जखमी होतं. २१ ऑक्टोबरला ते पडलं. तोवर आपली मंडळी वुहानला पोहोचली होती.

वुहान म्हणजे खरं तर तीन गावं: वुचांग, हांकोउ आणि हानयांग. यांगत्से आणि हान या नद्यांच्या संगमावर वसलेली. हांकोउच्या काठावर परदेशी लोकांच्या वसाहती, बँका, आणि १९२४ साली बांधलेली जकातीची घड्याळवाली इमारत. ती आजही उभी आहे, आपल्या तरुणाच्या फोटोतही आहे. पण १९३८ मध्ये हे शहर निर्वासितांनी आणि जखमी सैनिकांनी भरून गेलं होतं. आपले डॉक्टर तिथल्या रुग्णालयांत कामाला लागले.

इथे जरा थांबू. आपल्या मराठीत 'पाहणं' हा शब्द फार मजेचा आहे. आपण गाव पाहतो, मुलगी पाहतो, दवाखान्यात आजारी माणसाला पाहायला जातो. आणि डॉक्टरही पेशंटला 'पाहतात'. क्रियापद एकच, पण पहिल्या पाहण्यात आपण पाहून घरी येतो, आणि डॉक्टरच्या पाहण्यात पाहिल्यानंतर जबाबदारी सुरू होते. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. 'दर्शन' शब्दावर तासच्या तास घेतले. पण हा फरक मला या पाच जणांमुळे नीट कळला.

ऑक्टोबर संपता संपता वुहानही पडलं. त्याआधी थोडेच दिवस पथक नदीने वर निघालं आणि यिचांगमार्गे चुंगचिंगला, म्हणजे युद्धकाळातल्या राजधानीला, पोहोचलं. डोंगरावर चढत गेलेलं शहर, दगडी पायऱ्या आणि हिवाळ्यात दाट धुकं. आज पर्यटक धुक्यामुळे फोटो येत नाहीत म्हणून कुरकुरतात. त्या काळी लोकांना धुकंच हवं असायचं, कारण धुक्यात विमानांना शहर दिसत नसे.

चुंगचिंगमध्ये शांतिनिकेतनच्या चीन भवनाचे तान युन-शान यांनी या पाचही जणांना चिनी नावं दिली. प्रत्येक नावाच्या शेवटी 'ह्वा', म्हणजे चीन. कोटणीस झाले 'के दी-ह्वा'. आणि याच मुक्कामात कोटणीसांना सोलापूरहून वडील गेल्याची बातमी कळली. परत जायला कोणीही नाही म्हटलं नसतं. ते पुढे निघाले. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचलं.

पुढचं आपल्याला ठाऊक आहे. कोटणीसांनी चिनी भाषा शिकली, बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले, क्वो छिंग-लान यांच्याशी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. १९४६ साली व्ही. शांताराम यांनी 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला आणि ते घरोघरी पोहोचले.

पण बाकीचे चौघं? ते परत आले. आपल्या नागपूरच्या चोळकरांचं नाव आज इथे किती जणांनी ऐकलं आहे? हात वर करा... पाहा, दोनच. ज्या वयात आपल्याकडे माणूस पेन्शनचा हिशोब करतो, त्या वयात हा गृहस्थ बॉम्ब पडणाऱ्या शहरात जखमा बांधायला गेला. तिथेच मरण आलं असतं तर आपण त्यांना लक्षात ठेवलं असतं. परत आले, म्हणून विसरलो. हा न्याय बरोबर आहे का, याचा विचार मी तुमच्यावर सोडतो. मला तरी तो पटत नाही. निघताना पाचही जणांना परतीची खात्री नव्हती, आणि मोल त्या निघण्याचं आहे.

त्या तरुणाला मी एवढंच सांगितलं: पुढच्या वेळी जाशील तेव्हा मनोरा जरूर पाहा, मित्रांबरोबर फोटो काढ. मग हांकोउच्या घाटावर, त्या घड्याळाखाली पाच मिनिटं उभा राहा. आणि सोबतच्यांना पाचही नावं सांग.