शके १८४० ची साथ आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या

इ. स. १९१८ च्या जूनमध्यें मुंबईंत दिसलेला इन्फ्लुएन्झा शरदांत प्राणघातक होऊन देशभर पसरला. त्याचे बळी मोजूं जातां सरकारी नोंदी अपुऱ्या पडतात. गांवकामगारांच्या लेखीं बहुतेक मरणें ‘ताप’ या एकाच सदरीं जमा होत. यास्तव त्या सालच्या मृत्युसंख्येंतून सामान्य सालांची सरासरी वजा करावी लागते. याच रीतीनें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२०-२१ सालीं भारतांत सुमारें ४७ लक्ष अधिक मृत्यु मानले. सरकारी आंकडा ४ लक्ष ८१ हजारांचा होता, व सरकारनें त्या गणितास हरकत घेतली.

नाशिकास दुसरेंहि साधन आहे. रामकुंडावर अस्थिविसर्जनास आलेल्या यजमानांचीं नांवें, गांव व कुळी तीर्थोपाध्याय वह्यांत लिहीत आले. शके १८४० च्या आश्विन-कार्तिकांतील नोंदी मागील सालांशीं ताडल्यास साथीचा चढउतार अजमावतां येईल. एकूण संख्या मात्र त्यांवरून सांगूं नये. ज्याच्यामागें अस्थि नेणारा कोणी उरला नाहीं, तो या वह्यांत नाहीं.

ही तुलना सलग वहीवरच होते. म्हणून संग्राहकांनीं सुटीं पानें विकत न घेतां सबंध वहीची नक्कल करून मूळ वही त्या घराण्यांतच राहूं द्यावी.